गोव्यात डिझेल पिकअप घेतलीय? पहिल्या दिवसापासून नीट वापरायची ती अशी

पेडण्यापासून काणकोणापर्यंत कुठेही जा, पिकअपशिवाय धंद्याचं पान हलत नाही. चिरे (जांभ्या दगडाचे ठोकळे), भाजी, मासळी, मंडपाचं सामान, चवथीला गणपतीवर टांगायच्या माटोळीची फळं, सगळं हिच्याच हौद्यातून जातं. दरवर्षी कितीतरी पोरं कर्ज काढून पहिली गाडी घेतात आणि हप्ता भरायला जीव तोडून चालवतात, पण गाडीत नवीन काय काय आलंय, कुठली लाईट लागली की काय करायचं हे त्यांना कोणी बसवून सांगत नाही. चावी हातात देताना पाच मिनिटं बोलतात तेवढंच. म्हणून सुरुवातीपासून लिहितोय, ज्याने आयुष्यात कधी डिझेल गाडी वापरली नाही त्यालाही कळेल असं.

एक गोष्ट आधीच सांगतो कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मॅन्युअलमध्ये सर्व्हिसचे जे किलोमीटर दिलेले असतात ते साध्या वापराचे. त्याच पुस्तकात पुढे कुठेतरी लिहिलेलं असतं की कठीण परिस्थितीत गाडी चालत असेल तर सर्व्हिस लवकर करा, आणि कठीण म्हणजे काय तर धूळ, ओझं, घाट, जवळजवळच्या फेऱ्या, दमट हवा. म्हणजे आपला गोवाच झाला की. त्यामुळे 'अजून किलोमीटर झाले नाहीत, वेळ आहे' हा हिशेब इथे धरू नका, गाडी काय काम करते ते बघून सर्व्हिस ठरवा. चिरेखाणीवर चालणारी गाडी आणि मडगावात कुरिअर वाटणारी गाडी एकाच कंपनीची एकाच महिन्यातली असली तरी दोघींचं पथ्य वेगळं.

आधी आपल्या गाडीत काय आहे ते बघा

१ एप्रिल २०२० पासून नवीन गाड्या बीएस-६ झाल्या, म्हणजे धुराचे नियम कडक झाले. त्याआधीच्या पिकअपवर शिकलेले ड्रायव्हर जे सांगतात त्यातलं निम्मं अजून खरं आहे आणि निम्मं नवीन गाडीला मारक आहे, हे लक्षात ठेवा. नवीन डिझेल गाडीत धूर साफ करायला ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारा व्हॉल्व्ह), डीपीएफ (काजळीची जाळी), एडब्लू (युरियाचं पाणी) अशा गोष्टी असतात, पण प्रत्येक मॉडेलमध्ये सगळ्याच असतात असं नाही. डिझेलच्या झाकणाशेजारी निळं झाकण असलेली वेगळी छोटी टाकी आहे का बघा, असेल तर तुमच्या गाडीला एडब्लू लागतं. डीपीएफ आहे का ते मॅन्युअलात मिळेल. डिझेल वाचवायचा ईको स्वीच आहे का, फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद) आहे का, मागच्या एक्सलकडे ब्रेकचा लोड व्हॉल्व्ह आहे का, हे एका रविवारी शांतपणे गाडीभोवती फिरून, खाली वाकून बघून घ्या.

मग चावी ऑन करा, इंजिन चालू न करता. सगळ्या लाईट एकदा पेटतात, तेव्हा मोबाईलवर फोटो काढा आणि मॅन्युअल उघडून एकेक चिन्ह जुळवा. लाल लाईट म्हणजे बाजूला घेऊन गाडी बंद करा, पिवळी म्हणजे चालवता येईल पण लवकर दाखवा, इतकं तरी पाठ पाहिजे. तेलाच्या किटलीच्या चिन्हाची लाल लाईट चालता चालता लागली तर 'पुढच्या नाक्यावर बघू' अजिबात नाही, तिथेच इंजिन बंद.

चालू करताना, बंद करताना

डिझेल इंजिनात ठिणगी देणारा प्लग नसतो, हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि त्या उष्णतेवर डिझेल पेटतं. सकाळी इंजिन गार असताना मदतीला हीटर प्लग असतात, स्प्रिंगसारख्या चिन्हाची लाईट त्याचीच. ती विझली की मग सेल्फ मारा. आपल्याकडे थंडी नाही त्यामुळे लाईट लगेच विझते, पण चावी फिरवली की एका झटक्यात सेल्फ मारायची सवय नको.

चालू झाल्यावर अर्धा मिनिट तशीच ठेवा, लगेच रेस देऊ नका. टर्बो म्हणजे इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा, त्याची पाती मिनिटाला लाखभर फेरे घेते आणि तिच्या बेअरिंगला आधार फक्त तेलाचा, ते तेल वरपर्यंत पोचायला वेळ द्यायला हवा. पाच-दहा मिनिटं उभी ठेवून गरम करत बसायचीही गरज नाही, उलट त्याने काजळी वाढते, हळूहळू चालवत गरम होऊ दे.

बंद करताना उलटा प्रकार. भरलेली गाडी चोर्ला घाट चढून वर आणली, चहाला थांबले आणि चावी काढून उतरले, असं करतात लोक आणि मग दोन वर्षांत टर्बो गेला म्हणून कंपनीला शिव्या देतात. टर्बो तेव्हा लालबुंद तापलेला असतो, इंजिन बंद केलं की तेल थांबतं आणि जे आत आहे ते तिथेच जळून कोळसा होतं. चढ संपल्यावर मिनिट-दोन मिनिटं इंजिन आयडलला, म्हणजे रेस न देता नुसतं चालू ठेवा मग बंद करा. साध्या रस्त्यावरून हळू येऊन थांबलात तर एवढं करायची गरज नाही. आणि बंद करता करता शेवटी रेस मारायची जुन्या ड्रायव्हरांची सवय असते ती तर मुळीच उचलू नका.

डिझेलमधलं पाणी

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा कारण गोव्यात डिझेल गाडीचा खरा वैरी पाणी आहे. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, बाकीच्या महिन्यांतही हवा दमट. टाकी अर्धी रिकामी असली की रिकाम्या जागेत दमट हवा, रात्री टाकी गार झाली की त्या हवेतलं पाणी आतल्या पत्र्यावर धरतं आणि खाली डिझेलमध्ये उतरतं. रोज थोडं थोडं. म्हणून जून ते सप्टेंबर संध्याकाळी टाकी भरून ठेवायची सवय लावा, निदान अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका. ड्रममधलं, कॅनमधलं, कोणाच्या शेडमध्ये पडून असलेलं डिझेल स्वस्त मिळालं तरी घालू नका.

नवीन इंजिन कॉमन रेलची असतात, त्यात डिझेल हजार-दीड हजार बारच्या वर दाबाने फवारलं जातं, इंजेक्टरची भोकं केसाएवढी. जुन्या इंजिनाने पाणी थोडंफार पचवलं असतं, हे पचवत नाही. पंप आणि इंजेक्टर गंजले की बिल ऐकून झोप उडते.

त्यासाठी डिझेल फिल्टरच्या तळाला वॉटर सेपरेटर असतो आणि त्यातलं पाणी काढणं हे काम तुम्ही स्वतः करू शकता. गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद आणि गार. फिल्टरच्या खाली एक काचेची बरणी धरा, प्लास्टिकची बाटली चालेल पण काच बरी कारण दिसतं. खालचा स्क्रू हाताने दोन-तीन फेरे सैल करा, काढून टाकू नका. काहीच आलं नाही तर वरचा हँड पंप दोन-चार वेळा दाबा. आधी जे येतं ते पाणी असतं, पावसाळ्यात कधी कधी गढूळ, गंजाच्या रंगाचं. मग धार पिवळसर स्वच्छ झाली की स्क्रू हातानेच आवळा, पान्याने जोर लावला तर प्लास्टिकचा आटा जातो. बरणी पाच मिनिटं तशीच ठेवून बघा, पाणी खाली बसतं, डिझेल वर, मध्ये सरळ रेघ दिसते. रेघ एक बोटभर वर असेल तर जिथे डिझेल भरता तो पंप बदलायचा विचार करा आणि टाकीही साफ करून घ्या. हँड पंप कडक लागेपर्यंत दाबा, गाडी चालू करून खाली गळत नाही ना बघा. ते डिझेल गटारात किंवा विहिरीजवळ ओतायचं नाही, गॅरेजच्या जळक्या तेलाच्या पिंपात द्या.

पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी, एरवी महिन्यातून एकदा. डॅशबोर्डवरची पाण्याची लाईट लागायची वाट बघत बसू नका, लाईट लागते तेव्हा सेपरेटर भरलेला असतो. आणि लागलीच तर त्याच दिवशी पाणी काढा.

डिझेल संपवून गाडी बंद पाडू नका, लाईनमध्ये एअर घेते. घेतलीच तर डिझेल भरून हँड पंप मारा, मग थांबून थांबून सेल्फ, एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही. इथे एक गोष्ट जीवावरची आहे. जुन्या गाड्यांत मेकॅनिक इंजेक्टरचे पाईप सैल करून एअर काढायचे. कॉमन रेलवर इंजिन चालू असताना तो पाईप सैल करायचा नाही आणि कोणाला करू द्यायचाही नाही, त्या दाबाची बारीक धार हाताची कातडी फोडून आत शिरते, वरून टोचल्याएवढी खूण दिसते आणि आत हात सडतो. असं झालंच तर थेट हॉस्पिटल, घरचं मलम नाही.

चुकून पेट्रोल भरलं गेलं तर चावी ऑनसुद्धा करू नका, चावी ऑन केली की बऱ्याच गाड्यांत टाकीतला पंप फिरायला लागतो. ढकलून बाजूला घ्या आणि टाकी रिकामी करून घ्या.

डीपीएफ म्हणजे काय आणि ती का चोक होते

सायलेन्सरच्या लाईनमध्ये काजळी पकडणारी जाळी म्हणजे डीपीएफ. पकडलेली काजळी जाळायला आत सहाशे डिग्रीच्या आसपास उष्णता लागते. गाडी हायवेला एकसारखी चालली की ती साफ होत राहते. पण म्हापशाच्या बाजारात चार किलोमीटर, थांबा, मग परत तीन किलोमीटर, थांबा, मध्ये इंजिन चालूच, एसी लावून मोबाईल बघत बसलेला ड्रायव्हर, अशा गाडीची डीपीएफ कधी तापतच नाही. काजळी साचते, मग गाडी स्वतःच जास्त डिझेल टाकून ती जाळायचा प्रयत्न करते. तेव्हा आयडल थोडं वाढलेलं असतं, पंखा जोरात फिरतो, खालून गरम वास येतो. घाबरू नका, आणि मुख्य म्हणजे तेव्हा इंजिन बंद करू नका. परत परत अर्धवट राहिलं की ते जास्तीचं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली तेलात उतरतं.

डीपीएफची लाईट लागली तर गाडी हायवेवर काढा, आपल्याकडे एनएच-६६ आहेच, एक गिअर खाली ठेवून फेरे जरा चढे ठेवा आणि वीसेक मिनिटं न थांबता चालवा. बहुतेक वेळा लाईट जाते. नाही गेली, किंवा लाईट चमकायला लागली, किंवा गाडीचा दम गेला तर मग वर्कशॉप. शहरात फिरणाऱ्यांनी आठवड्यातून एकदा अशी एक लांब फेरी मुद्दाम ठेवावी.

आता एक आपल्या भागातली गोष्ट. मार्च ते मे काजूचा सीझन, बागायतीत वाळलेलं गवत गुडघ्याएवढं, आणि बोंडू-बिया भरायला पिकअप थेट त्या गवतात नेऊन उभी करतात. डीपीएफ जळत असताना तो पाईप खालून किती तापलेला असतो ते वर सांगितलंच. वाळक्या गवतावर अशी गाडी उभी करणं म्हणजे आगीला आमंत्रण. गवत कापलेल्या जागी, मातीवर उभी करा, बागायत आपली असो नाहीतर दुसऱ्याची.

डीपीएफ काढून टाकून 'रिकामी' करून देतो म्हणणारे गॅरेजवाले भेटतील. करू नका. धूर लोकांच्या तोंडात जातो, पासिंगला (आरटीओच्या फिटनेस तपासणीला) अडकाल, वॉरंटी जाते, आणि सॉफ्टवेअरशी छेडछाड केलेली गाडी नंतर कुठल्याच चांगल्या मेकॅनिकला नीट कळत नाही. इंजिन ऑईलही मॅन्युअलात दिलेल्या ग्रेडचंच घाला, डीपीएफच्या गाडीला कमी राखेचं ऑईल लागतं, साधं घातलं तर राख जाळीत बसते आणि राख काजळीसारखी जळत नाही.

एडब्लू हे डिझेलमध्ये घालायचं औषध नाही, ते वेगळ्या टाकीत जातं आणि सायलेन्सरमध्ये फवारलं जातं. त्यात ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी. म्हणून बागायतीतला युरिया पाण्यात कालवून घालतो म्हणणाऱ्याचं ऐकू नका, खतातली घाण आणि विहिरीच्या पाण्यातले क्षार त्या नोझलची वाट लावतात. सीलबंद कॅन घ्या, सावलीत ठेवा, हौद्यात उन्हात महिनोन्‌महिने तापत ठेवू नका, उघडलेला कॅन लवकर संपवा. भरताना सांडलं तर पाण्याने धुवा, नाहीतर पांढरी मिठासारखी पुटं धरतात आणि पत्रा, वायर खातात. टाकी संपत आली की गाडी आधी इशारे देते, मग ताकद कमी करते आणि पूर्ण संपली तर काही मॉडेल बंद केल्यावर परत चालूच होत नाहीत, आणि हे अनमोड घाटात मोल्याच्या पुढे रात्री झालं तर काय कराल. निळ्या टाकीत डिझेल किंवा डिझेलच्या टाकीत एडब्लू गेलं तर पेट्रोलसारखंच, चावी लावायची नाही.

बॅटरीला कटऑफ स्वीच असेल तर इंजिन बंद केल्या केल्या तो पाडू नका, दोन मिनिटं थांबा, एडब्लूचा पंप लाईनमधलं उरलेलं परत टाकीत ओढून घेत असतो.

हवा आणि तेल

चिरेखाण, खडीचे क्रशर, डिचोली-सत्तरीतले लाल मातीचे रस्ते, इथे एअर फिल्टर मॅन्युअलच्या निम्म्या वेळात भरतो. आठवड्याला उघडून बघा. हवा मारायची तर आतून बाहेर आणि कमी दाबाने, बाहेरून मारलीत तर धूळ कागदात घुसते. कागद उजेडात धरून एखादं भोक दिसलं की फेका. फिल्टर बसवताना आतला डबा ओल्या फडक्याने पुसा. फिल्टर काढून 'आजच्या दिवस चालवतो' कधीच नाही.

डिझेलचं ऑईल बदलल्यावर लगेच काळं पडतं, ते काजळी धरून ठेवतं म्हणून, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. काळजी करायची ती लेव्हलची. सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिक बघा. कमी झालं तर कळतंच, पण लेव्हल वाढली तर नवीन लोक खूश होतात, ते वाईट लक्षण आहे, तेलात डिझेल उतरलंय किंवा पाणी. वास घ्या, बोटांत चोळून बघा, पातळ आणि डिझेलचा वास असेल किंवा दुधाळ दिसत असेल तर गाडी चालवू नका.

कूलंट कंपनीने सांगितलेलंच, विहिरीचं पाणी नाही, किनाऱ्याकडच्या विहिरीचं तर नाहीच नाही. आणि तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही.

वजन, पाटे आणि ब्रेक

आरसी काढून बघा. त्यात गाडीचं रिकामं वजन आणि भरलेलं जास्तीत जास्त वजन दोन्ही असतात, वजाबाकी केली की जे येतं ते तुमचं ओझं, त्यात ड्रायव्हर आणि हेल्परही मोजायचे. समजा १३०० किलो उरले, माणसांचे १४० गेले, राहिले ११६०. एक चिरा तीस-पस्तीस किलोचा, पावसात भिजलेला त्याहून जड. पस्तीस किलोने धरलं तर तेहतीस चिरे, बस. खाणीवर 'दादा, आणखी दहा घाल, जवळच तर जायचंय' असं म्हणतातच, आणि गाडी जातेही, म्हणूनच तर फसायला होतं. ओव्हरलोडला मोटार वाहन कायद्यात २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० आहे, पण दंड सोडा, ब्रेक लागला नाही तर समोर कोणाचं पोर असेल ते बघा.

ओझं सहन व्हावं म्हणून लोक मागे एक-दोन पाटे (एक्सलवरच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या) वाढवतात. ह्यात एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या एक्सलला एक दांडी जोडलेली असते, गाडी ओझ्याने किती खाली बसली त्यावरून एक व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा ते ठरवतो. पाटे वाढवले की भरलेली गाडीसुद्धा खाली बसत नाही, व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे आणि तो मागचा ब्रेक कमी देतो. म्हणजे ओझं जास्त आणि ब्रेक कमी. पाटे वाढवू नका, आणि सेकंडहँड गाडीत कोणी आधीच वाढवले असतील तर व्हॉल्व्हची सेटिंग चांगल्या वर्कशॉपमध्ये तपासून घ्या. ती दांडी वाकलेली, तुटलेली, तारेने बांधलेली नाही ना तेही बघा.

माल केबिनला टेकवून, एक्सलच्या थोडा पुढे वजन येईल असा भरा. सगळं वजन मागच्या फाळक्याकडे गेलं तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टेअरिंग लागत नाही. टायरची हवा रिकाम्या आणि भरलेल्या गाडीला वेगळी असते, आकडे दरवाजाच्या आतल्या स्टिकरवर असतात, सकाळी गार टायरला तपासा. शाफ्टचे क्रॉस (सांधे) आणि पाट्यांच्या पिनांना ग्रीस भरायची निपल असतील तर ग्रीसिंग करून घ्या, पावसाळ्यात जास्त वेळा, निपलमधून जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत.

रिकाम्या पिकअपला पावसात कमी समजू नका. मागे वजन नसतं, पाटे कडक, पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल वर आलेलं, अशा वेळी वळणावर ब्रेक दाबला की मागचा भाग सरळ पुढे येतो. पावसात रिकामी गाडी भरलेल्यापेक्षा हळू चालवा.

घाट

बेळगावची भाजी आणणाऱ्या गाड्यांचा प्रकार उलटा असतो. घाट चढताना गाडी रिकामी आणि उतरताना भरलेली. म्हणजे इंजिनाची परीक्षा नसते, ब्रेकची असते, आणि तीही पहाटे, धुक्यात, झोप डोळ्यांत असताना. जो गिअर चढायला लागला असता तोच उतरायला. उतार सुरू व्हायच्या आधी गिअर खाली घ्या, इंजिनाला गाडी धरू दे, ब्रेक दाबा-सोडा, दाबा-सोडा, पाय ठेवून देऊ नका. न्यूट्रल मारून डिझेल वाचवणं हा शुद्ध गैरसमज आहे, गिअरमध्ये पाय काढला की इंजेक्टर डिझेल बंदच करतात. आणि इंजिन बंद करून उतरलात तर पॉवर स्टेअरिंग जातं आणि ब्रेकचा बूस्टर दोन-तीन दाबांत संपतो. जळका वास आला, पेडल खाली जायला लागलं तर बाजूला घ्या, थांबा, गार होऊ द्या, पाणी ओतू नका. ब्रेक ऑईल दर दोन वर्षांनी बदला, ते हवेतला ओलावा ओढून घेतं आणि मग घाटात उकळतं.

चढावर हाफ क्लचवर गाडी धरून ठेवू नका, हँडब्रेक आहे.

तुंबलेलं पाणी

चाकाच्या मध्यापर्यंत पाणी दिसलं तर जाऊच नका, खाजनाच्या (खाडीकाठच्या सखल शेतांच्या) बांधावरून तर अजिबात नाही, कडा कुठे आहे दिसत नाही. कमी असेल तर पहिला गिअर, एकसारखी रेस, मध्ये थांबायचं नाही. पाण्यात इंजिन बंद पडलं तर सेल्फ मारू नका, सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकते. ओढून बाहेर काढा. बाहेर आल्यावर हळू चालवत ब्रेक दोन-चार वेळा दाबून सुकवा आणि पुढच्या दोन दिवसांत मागच्या एक्सलच्या हाऊसिंगचं तेल दुधाळ झालंय का तपासून घ्या.

फोर बाय फोर असेल तर

टू-एच (ताकद दोनच चाकांना) रोजच्यासाठी. फोर-एच (चारही चाकांना) फक्त चिखल, ओली लाल माती, वाळू. कोरड्या डांबरावर फोर-एचमध्ये वळलात तर पुढच्या-मागच्या चाकांचा फरक कुठे निघत नाही आणि शाफ्ट, गिअर पिळवटतात. फोर-एल (चारही चाकांना, हळू पण जास्त जोर) थांबून, न्यूट्रल करून टाकायचा. वापर नसला तरी महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर थोडं चालवा म्हणजे तेल फिरतं. फोर बाय फोरने गाडी निघते चांगली, थांबते तेवढीच.

खारं पाणी

मालीम, कुटबण किंवा वास्कोहून मासळी उचलणाऱ्यांनी हे नीट वाचा. बर्फ वितळून जे पाणी हौद्याच्या भोकांतून खाली गळतं ते मिठाचं, आणि ते पडतं चासी, पाटे, ब्रेकचे पाईप, हँडब्रेकची केबल ह्यांच्यावर. वरून गाडी चकाचक धुवून उपयोग नाही. रोज माल उतरला की गोड्या पाण्याचा पाईप खालून मारा, चासीच्या आतल्या बाजूने, पाट्यांच्या मधून, वायरच्या सॉकेटवर मात्र प्रेशर मारू नका. चोडण-दिवाडीच्या फेरीबोटीतून जाणाऱ्यांच्या चाकांनाही रॅम्पवर खारं पाणी लागतंच, त्यांनीही आठवड्याला एकदा. गंजरोधक कोटिंग मे महिन्यात, गाडी पूर्ण सुकलेली आणि गंज घासून काढलेला असताना करा. ओल्या गंजावर मारलं तर आतून खात राहतं आणि वरून दिसत नाही. चासीची पाणी जायची भोकं कोटिंगने बुजवू देऊ नका, उभं राहून बघा.

ब्रेकचे लोखंडी पाईप दर सहा महिन्यांनी हात फिरवून बघा. पापुद्रे सुटत असतील तर बदला, ह्यात पैसे वाचवायचे नाहीत.

गाडी चार-सहा दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, दमट हवेत ड्रमला चिकटतो. सपाट जागा, पहिला गिअर, चाकाला दगड, आणि निघताना तो दगड रस्त्यावरून उचला. बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्याने धुवून, सुकवून पेट्रोलियम जेली लावा.

केबिनमध्ये कायम असू द्या

एक डिझेल फिल्टर, एअर फिल्टर, पट्टा, फ्यूज, लिटरभर योग्य ऑईल, कूलंट, टॉर्च, टायर गेज, काम करणारा जॅक. एक वही, तिच्यात तारीख, किलोमीटर, काय बदललं, सेपरेटरमधून किती पाणी निघालं. पासिंग पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि मग दरवर्षी, त्याची तारीखही पहिल्या पानावर लिहा. स्टेपनीची हवा महिन्याला बघा, आणि ती भरलेल्या गाडीच्या आकड्याला ठेवा, कमी करता येते, रस्त्यात वाढवता येत नाही. चाक बदललं की पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट परत एकदा आवळा, भरलेल्या गाडीत पहिल्या फेरीला ते थोडे बसतात आणि सैल होतात.